संस्थाचालकांनो, पिचर बारा दिवसांत होत नसते

प्रति,
महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे समस्त संस्थाचालक, प्राचार्य आणि विद्यापीठांच्या क्रीडा मंडळांवर बसलेली मंडळी

विषय: सॉफ्टबॉलच्या कोचला बारा दिवसांऐवजी तीन वर्षं देण्याबाबत

साहेब, नमस्कार.

"उपरोक्त विषयास अनुसरून" इथपर्यंत लिहून झालं होतं, मग खोडलं. असे अर्ज मी सतरा वर्षांत इतके दिलेत की आवक-जावकच्या खिडकीतला माणूस मला बघितलं की न विचारताच शिक्का उचलतो. पोच मिळते, उत्तर मिळत नाही. म्हणून यावेळी उघड्यावरच लिहिते आणि जशी बोलते तशीच लिहिते, शुद्धलेखन बघू नका. कुठल्या कॉलेजचं, कुठल्या माणसाचं नाव यात घेत नाहीये, मला भांडण करायचं नाही, आणि खरं सांगायचं तर पुढच्या महिन्यात परत त्याच माणसांकडे ग्राउंडची चावी मागायला जायचंय.

मी खानदेशातली, कॉलेजच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. असं सांगितलं की समोरचा एकतर "म्हणजे बेसबॉल ना?" म्हणतो नाहीतर "अच्छा, पीटीच्या मॅडम." दोन्ही नाही. सॉफ्टबॉलचा बॉल मोठा असतो, बारा इंच घेराचा, आणि नाव सॉफ्ट असलं तरी एकदा नडगीवर बसला की आठ दिवस नाव विसरत नाही. पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, खालून टाकते, हात पूर्ण गोल फिरवून, विंडमिल म्हणतात त्याला, पवनचक्की. मुलींच्या खेळात पिचर ते होम प्लेट, म्हणजे बॅटर उभी असते ती जागा, अंतर फक्त ४३ फूट. बॉल शंभरच्या स्पीडने आला तर बॅटरकडे अर्धा सेकंदही नसतो, तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि बॅट फिरवायची. क्रिकेटवाली पोरं कधी कधी ग्राउंडच्या कडेला उभी राहून हसतात, "खालून टाकतात रे", मग मी त्यातल्या एकाला बोलावते, बॅट हातात देते. नंतर हसत नाहीत.

असो. मुद्द्यावर येते.

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे मला फोन येतो. "मॅडम, युनिव्हर्सिटीची टीम निघालीय, बारा दिवसांचा कॅम्प घ्यायचाय, सोमवारपासून या." सोमवारी जाते तर सोळा मुली, अकरा ग्लोव्ह, बॉल मोजून नऊ, त्यातल्या दोघांची शिवण उसवलेली. कॅचरचा, म्हणजे पिचरचा बॉल झेलणारीचा, किट एकच, त्याच्या उजव्या लेगगार्डचा पट्टा तुटलेला आणि तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली. ती पट्टी मागच्या वर्षी मीच बांधली होती. तिला बघून मला बरं वाटलं, म्हटलं चला कोणीतरी ओळखीचं भेटलं. कारण मुली नवीन, निवड समिती नवीन, मॅनेजर नवीन, वर्षभर टिकलेली ती एकच गोष्ट होती.

बारा दिवसांत काय होतं? सांगते, उगाच नाही म्हणणार नाही. खुणा ठरवता येतात. बंट आला, म्हणजे समोरचीने बॅट न फिरवता बॉल नुसता टेकवला, की कोणी धावायचं, फर्स्ट बेस कोणी झाकायचा हे घोटून घेता येतं. आऊटफिल्डमधून थ्रो आला तर मध्ये कोण उभं राहणार ते ठरतं. स्लायडिंग, म्हणजे घसरत बेस गाठणं, शिकवता येत नाही कारण आपल्या ग्राउंडवर खडी असते आणि मुलींच्या मांड्या सोलून निघतात, तरी दोघी-तिघी जिद्दीने करतात, त्यांना रात्री हॉस्टेलवर हळद लावून बसवते. एवढं सगळं होतं. पिचर होत नाही.

पिचर कशी होते ते मी तुम्हाला बुटावरून सांगते. विंडमिल टाकताना पुढचा पाय झेप घेतो आणि मागचा पाय जमिनीवरून घासत पुढे येतो. उजव्या हाताने टाकणारी असेल तर उजव्या बुटाचं टोक रोज शंभर-दीडशे वेळा मातीत घासणार. आमच्या मातीत नवा बूट दीड महिन्यात फाटतो. एसटी स्टँडच्या बाहेर चपला-बूट शिवणारे एक काका बसतात, ते माझ्या पिचरच्या बुटाच्या टोकाला जुन्या चामड्याचा जाड तुकडा लावून देतात, दुहेरी टाका घालून, वीस रुपये घेतात आणि तेही कधी कधी घेत नाहीत. एकदा मी डावा बूट नेला तर काका म्हणाले, "मॅडम, चुकून डावा आणला का?" म्हटलं नाही काका, यंदा डावखुरी सापडलीय. काकांना इतका आनंद झाला की शेजारच्या रसवंतीवाल्याला सांगून आले.

पहिल्या वर्षी बूट पुढून फाटतो. म्हणजे मुलगी पाय ओढतेय, अंग मागे राहतंय, सगळा जोर खांद्यातून काढतेय आणि महिनाभरात खांदा दुखतो म्हणून येणार. दुसऱ्या वर्षी बूट अंगठ्याच्या कडेने घासायला लागतो, म्हणजे कंबर वळायला लागली. त्याच सुमाराला ट्रॅकपँट उजव्या मांडीवर एका जागी पातळ होते, कारण बॉल सोडताना हात रोज तिथूनच घासून जातो, आणि हात रोज एकाच जागेवरून जातोय याचा अर्थ कंट्रोल आला. मग तिसऱ्या वर्षी चेंज-अप, म्हणजे फसवा हळू बॉल, ड्रॉप, म्हणजे खाली पडणारा, आणि नशीब असेल तर राइज, वर उठणारा. चेंज-अपला हात त्याच वेगाने फिरवायचा आणि बॉल मात्र हळू सोडायचा, हे मनगटाला पटायलाच सहा महिने जातात. तीन वर्षं, साहेब. बीएचं सुद्धा तेवढंच असतं. म्हणजे एफवायला आलेली मुलगी त्याच दिवशी कोचच्या हाती लागली तर टीवायला तुम्हाला पिचर मिळणार, आणि तुम्ही कोचला बोलावता टीवायच्या दिवाळीत बारा दिवसांसाठी.

अशीच एक मुलगी होती, नाव लिहीत नाही. सकाळच्या पहिल्या एसटीने यायची, घरचा कापूस वेचून हाताची बोटं कायम चिरलेली. पहिलं वर्ष बॉल कॅचरच्या डोक्यावरून जायचा, मागे लायब्ररीची भिंत होती म्हणून बॉल हरवले नाहीत. त्या भिंतीवर मी खडूने चौकोन काढून दिला होता, गुडघ्यापासून छातीपर्यंत, ग्रंथपाल सरांनी दोनदा पुसला, तिसऱ्यांदा स्वतःच रंगाचा डबा आणून म्हणाले, ऑइलपेंटने काढा, खडू पडून लादी खराब होतेय. मी कॅम्पचे बारा दिवस सोडून बाकी वर्षभर फुकट जायचे, कुणी बोलावलं नव्हतं, मला ती मुलगी दिसत होती म्हणून जात होते. टीवायला ती खरोखर पिचर झाली.

आणि त्या वर्षी मला टीमबरोबर पाठवलं नाही. टीए-डीएमध्ये एकच माणूस बसत होता आणि तो मॅनेजर. मॅनेजर सर स्वभावाने अतिशय चांगले, मुलींची काळजी घेणारे, परत येताना सगळ्यांना पदरचे पैसे घालून आइस्क्रीम पण दिलं. पण सॉफ्टबॉल आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तिसऱ्या मॅचला अंपायरने तिचे पिच इल्लीगल द्यायला सुरुवात केली. टाकण्याआधी दोन्ही हात एकत्र आणून क्षणभर थांबावं लागतं, टेन्शनमध्ये ती थांबत नव्हती, बस्स एवढंच. दरवेळी बॅटरला फुकट "बॉल" मिळत गेला, क्रिकेटमधल्या वाइडसारखा. डगआऊटमधून कुणीतरी "थांब, श्वास घे, मग टाक" एवढी पाच शब्दांची आरोळी द्यायला हवी होती, ती द्यायला कोणी नव्हतं. मी त्या वेळी आमच्या गावात शाळेच्या असेंब्लीत सावधान-विश्राम घेत होते. रात्री तिचा फोन आला, म्हणे मॅडम, मी काय चुकत होते तेच कळलं नाही. तीन वर्षांचं काम एका न दिलेल्या आरोळीत गेलं. पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं, जेवायला गेले होते मी.

आता तुम्ही म्हणाल रडगाणं पुरे, जगात काय वेगळं असतं का? असतं. म्हणूनच एका बाईंची कथा सांगते, खोटं वाटलं तर शोधून बघा.

पॅटी गॅसो. कॅलिफोर्नियाच्या. स्वतः खेळाडू होत्या, मग १९९० ते १९९४ लाँग बीच सिटी कॉलेज नावाच्या दोन वर्षांच्या कॉलेजला कोच होत्या, म्हणजे काही फार मोठी जागा नाही. तिथून १९९५ च्या सीझनसाठी ओक्लाहोमा विद्यापीठात गेल्या. गेल्या तेव्हा काय होतं तिथे? स्वतःचं ग्राउंड नव्हतं. नॉर्मन गावच्या नगरपालिकेच्या बागेत, रीव्हज पार्कमध्ये, टीम खेळायची. हे पहिल्यांदा वाचलं ना, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. म्हटलं ही तर आपलीच! विद्यापीठाचं स्वतःचं सॉफ्टबॉलचं ग्राउंड झालं १९९८ ला. आणि २००० साली त्यांची टीम फायनलला कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाला ३-१ हरवून अमेरिकेची कॉलेज चॅम्पियन झाली. यूसीएलए म्हणजे सॉफ्टबॉलमधली त्या काळची मुंबईची रणजी टीम समजा.

इथपर्यंत सगळ्यांना आवडतं, कारण इथपर्यंत सिनेमा आहे. मला आवडतो तो पुढचा भाग. त्यानंतर त्यांना टायटल मिळालं थेट २०१३ ला. मधली बारा वर्षं काही नाही. टीम चांगली खेळायची, शेवटच्या आठात अनेकदा जायची, २०१२ ला फायनलला जाऊन अलाबामाकडून हरली, पण कप नाही. आणि त्या बारा वर्षांत त्यांना कोणी काढलं नाही. पगार चालू, ग्राउंड चालू, असिस्टंट चालू. आपल्याकडे असत्या तर साधारण २००३ च्या जून महिन्यात "मॅडमचा परफॉर्मन्स समाधानकारक नाही" असं एक पत्र निघालं असतं आणि त्या जागी कोणाचा तरी मेहुणा आला असता, ज्याने शाळेत लगोरी खेळलेली असते.

काढलं नाही त्याचं फळ बघा. २०१३, २०१६, २०१७, मग २०२१, २०२२, २०२३, २०२४. २००० चं धरून एकूण आठ टायटल, शेवटची चार ओळीने, ओळीने चार तिकडे आधी कुणीच घेतली नव्हती. २०२३ ला ६२ मॅच खेळल्या, ६१ जिंकल्या, एक हरल्या. त्यांची स्लगर, म्हणजे लांब फटके मारणारी, जोसलिन अ‍ॅलो चारही टायटलची नाही, पण तिच्या नावावर कॉलेज करिअरमध्ये १२२ होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, आहेत आणि तो तिकडचा रेकॉर्ड आहे. २०१७ च्या फायनलची पहिली मॅच १७ इनिंग चालली होती, साध्या मॅचला सातच असतात, ती मॅच मी मुलींना मोबाईलवर तुकड्या-तुकड्याने दाखवली, एका मुलीने विचारलं, मॅडम, यांना परत जायला एसटी कशी मिळाली असेल?

२०१३ च्या टीमची पिचर होती केलानी रिकेट्स. ती २०१० पासून तिथेच, चार वर्षं. चार वर्षं तीच पिचर, त्याच हेडकोच. पिचिंग शिकवायला वेगळा माणूस असतो, बॅटिंगला वेगळा. बॅटिंगचे कोच त्यांचे चिरंजीवच आहेत, जेटी गॅसो, म्हणजे घरचाच माणूस, पण बॅटिंगचे आकडे बघितल्यावर बोलायला जागा राहत नाही. आणि बागेत खेळणाऱ्या त्या टीमला २०२४ मध्ये चार हजारांवर खुर्च्यांचं नवं स्टेडियम मिळालं, लव्हज फील्ड, निव्वळ मुलींच्या सॉफ्टबॉलसाठी.

दुसरे माईक कँड्रिया. तेही छोट्या दोन वर्षांच्या कॉलेजातून आले, सेंट्रल अ‍ॅरिझोना. मग १९८६ पासून २०२१ पर्यंत अ‍ॅरिझोना विद्यापीठात, एकाच जागी. पहिलं टायटल १९९१ ला, म्हणजे सहाव्या सीझनला, पुढे एकूण आठ. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला अमेरिकेच्या टीमचे कोच तेच होते, त्या टीमने अख्ख्या स्पर्धेत ५१ रन केले आणि एकच दिला, गोल्ड घेतलं. तुम्ही यातून जे काय घ्यायचं ते घ्या, मी एवढंच घेते की दोघांनाही आधी छोट्या कॉलेजात शिकायला जागा होती, तिथे पगार होता, तिथून मोठ्या कॉलेजात जायला वाट होती आणि मोठ्या कॉलेजात चुकायला वेळ होता. खेळाडू, मग असिस्टंट, मग छोटं कॉलेज, मग मोठं. जिन्याला पायऱ्या आहेत. आपल्याकडे खेळाडू या पायरीच्या वर डायरेक्ट गच्ची आहे, मध्ये जिनाच नाही.

हे सगळं तिकडे आभाळातून पडलं नाही बरं का. १९७२ ला तिकडे एक कायदा झाला, टायटल नाइन म्हणतात, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कोणाला डावलता येणार नाही असा. त्यात खेळ पण आले. मुलांना शिष्यवृत्ती तर मुलींनाही, मुलांना ग्राउंड तर मुलींनाही. त्या रेट्यात कॉलेजांनी मुलींच्या टीम काढल्या, त्यांना कोच लागले, १९८२ पासून एनसीएएची, म्हणजे तिकडच्या कॉलेज-खेळांच्या संघटनेची, मुलींची सॉफ्टबॉल चॅम्पियनशिप सुरू झाली. तरी भांडावं लागलंच. मार्जी राइट नावाच्या बाईंनी १९९८ ला फ्रेस्नो स्टेटला चॅम्पियन केलं, आणि त्याच बाईंना पुढे मुलींच्या टीमला सारखी वागणूक मिळावी म्हणून आपल्याच विद्यापीठाशी कायद्याने झगडावं लागलं. म्हणजे तिकडे सोनं पिकतं असं मी म्हणत नाहीये. पण भांडायला आधी खुर्ची तरी लागते ना, माझ्याकडे ती पण नाही, मी कोणत्या पदावरून भांडू?

एक गंमत सांगते. तिकडे नियम आहे की सीझनमध्ये आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त प्रॅक्टिस घ्यायची नाही, मुलींचा अभ्यास बुडतो म्हणून. मी हे आमच्या शारीरिक शिक्षण संचालक सरांना सांगितलं तर ते एवढे हसले की खोकला आला. आमच्याकडे अख्ख्या सेमिस्टरचे वीस तास झाले तर पेढे वाटायचे.

त्या सरांबद्दल पण लिहिते, नाहीतर त्यांना वाटेल मी त्यांच्यावर घसरले. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकाची एक पोस्ट असते, ती पण कितीतरी ठिकाणी रिकामी. जिथे आहे तिथे तो एकच माणूस कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बघतो, त्यात नॅकच्या फायली, परीक्षेचं सुपरव्हिजन, आयकार्ड, गॅदरिंगचा मांडव, इलेक्शन ड्युटी. सर स्वतः व्हॉलीबॉलचे, त्यांना काय म्हणून विंडमिल माहीत असावी? तुम्ही म्हणता आमच्याकडे क्रीडा विभाग आहे. विभाग आहे हो, कोच नाही. मराठीच्या एका सरांना सगळे विषय शिकवायला लावाल का?

आता माझा हिशोब. सकाळी साडेपाच ते साडेसात कॉलेजच्या मुली. नऊ ते चार एका इंग्लिश मीडियम शाळेत पीटी, तिथला पगार म्हणजे माझं घर. संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजच्या मुली, आठवड्यातून तीन दिवस. कॉलेजकडून मिळतं ते मानधन, म्हणजे नावातच मान आहे, धन तुम्ही शोधा. बारा दिवसांचे रोजचे तीनशे रुपये, ते मार्च एंडला मिळतात, आणि दोन वर्षांपूर्वीचे अजून मिळायचेत कारण व्हाउचरवर सही करणारे सर रिटायर झाले. सहा आठवड्यांचा कोचिंगचा सर्टिफिकेट कोर्स केलाय, बीपीएड आहे, नॅशनल खेळलेय. माझ्याबरोबर खेळलेल्या चौघी खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीला लागल्या, एक पोलिसात, छान चाललंय त्यांचं, आणि मी त्यांचा हेवा करत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. गंमत अशी की खेळलं तर आरक्षण आहे, शिकवलं तर काही नाही. मला आई अजून विचारते, तुझं ते परमनंट कधी होणार? तिला वाटतं मी कुठेतरी टेम्पररी आहे. अगं आई, मी टेम्पररी पण नाहीये.

बरं, हा खेळ इकडे काल आलाय असंही नाही. सॉफ्टबॉल असोसिएशन ऑफ इंडिया जोधपूरला १९६१ ला स्थापन झाली. आपल्या जळगाव-अमरावतीकडे हा खेळ घराघरातला नसेल पण गल्लीगल्लीतला नक्की आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, तिथे गेलात की कळतं मैदानावर माणसं पिढ्यानपिढ्या टिकली की काय होतं. माझं निरीक्षण आहे, ज्या गावात कोणीतरी एक वेडा माणूस वीस वर्षं ग्राउंडवर उभा राहिला त्या गावात सॉफ्टबॉल आहे, आणि तो माणूस गेला, थकला किंवा त्याची बदली झाली की दोन वर्षांत ग्राउंडवर आठवडे बाजार भरतो. म्हणजे आख्खा महाराष्ट्राचा सॉफ्टबॉल अशा वेड्यांच्या तब्येतीवर चाललाय. हे काही धोरण झालं नाही.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत, तीच तीन आहेत.

एक, "मॅडम, खेलो इंडियात हा खेळ नाही." बरोबर, २०२० ला ओडिशात खेलो इंडियाचे पहिले युनिव्हर्सिटी गेम्स झाले, सतरा खेळ होते, सॉफ्टबॉल नव्हता, आणि तेव्हापासून प्रत्येक मीटिंगला मला ते ऐकवलं जातं. पण ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटी आहे, २०२२ च्या गुजरातच्या नॅशनल गेम्समध्ये होता, शालेय स्पर्धांत आहे, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला परत येतोय. आणि त्यातही बघा, ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला पण सॉफ्टबॉल खेळवणार ओक्लाहोमा सिटीत, दोन हजार किलोमीटर लांब! का? तर सॉफ्टबॉलचं तयार मोठं स्टेडियम तिथे आहे, कॉलेजच्या मुलींची फायनल दरवर्षी तिथेच भरते म्हणून ते एवढं वाढलं. कॉलेजच्या पोरींनी ऑलिम्पिकला आपल्या गावी यायला लावलं, आणि आपण म्हणतोय लिस्टमध्ये नाव नाही.

दोन, "मुली लग्न करून जातात." जातात की. मुलं पण जातात, पुण्याला, कंपनीत. तुम्ही मुलांना कधी विचारलं नाहीत.

तीन, "बजेट नाही." यावर मी वाद घालत नाही, मला तुमच्या वह्या माहीत नाहीत. पण प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीच्या पावतीवर क्रीडा शुल्काची ओळ असते, ती मला माहीत आहे, कारण माझ्या भाचीची पावती माझ्याकडे आहे.

मला हवंय ते फार नाही. एका कॉलेजला परवडत नसेल तर तालुक्यातल्या चार-पाच कॉलेजांनी मिळून एक कोच ठेवा. तीन वर्षांचा करार, बारा महिने, अकरा नाही, तो मधला एक दिवस तोडून परत घेण्याचा खेळ बंद करा, त्यात आमचा पीएफ जातो आणि तुमचा कारकून दमतो. निकाल तिसऱ्या वर्षी विचारा, पहिल्या वर्षी नाही. टीम बाहेर जाईल तेव्हा कोच जाईलच, मॅनेजर सरही येऊ द्या, आइस्क्रीम कोणीतरी द्यायला हवंच. मुलींच्या टीमला शक्यतो बाई कोच बघा, नसेल मिळत तर सध्या खेळणाऱ्यांतल्या एकीला पुरुष कोचच्या हाताखाली असिस्टंट म्हणून घ्या, चार पैसे द्या, तिथून पुढची कोच निघेल. आणि जागा मलाच द्या असं मी म्हणत नाही, माझं वय झालंय असं नाही पण गुडघा झालाय. माझ्याकडे दोन मुली आहेत ज्यांना शिकवण्याचं अंग आहे, त्यातली एक सध्या मोबाईलच्या दुकानात काउंटरला उभी असते, गिऱ्हाईक नसलं की रबर बँडचा गोळा करून हात फिरवत असते, मालक ओरडतो.

ती डावखुरी यंदा एसवायला गेली. बूट अंगठ्याच्या कडेने घासायला लागलाय. काकांनी कालच नवा तुकडा लावला आणि विचारलं, हिला बघायला कधी यायचं? ते येणार आहेत रविवारी. तुम्हीही या, कॉलेजच्या मागच्या ग्राउंडवर, सकाळी साडेपाचला, लायब्ररीच्या भिंतीजवळ. खुर्च्या नाहीत, पायरीवर बसावं लागेल. येताना जमलं तर फक्कीची एक गोणी आणा, लाईन मारायला आमच्याकडची संपलीय आणि स्टोअरकीपर म्हणतो मागणीपत्रावर प्राचार्यांची सही पाहिजे.

आपली,
एक सॉफ्टबॉल कोच, खानदेश